माझी वर्गणी धरू नका



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे आणि या वेळी थोडा रागात आहे. राग माझ्याच माणसांवर आहे, त्यामुळे तो फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा नीट मांडावा म्हणून हा खटाटोप. घरातले बरेचजण इथे येऊन वाचतात, हे मला ठाऊक आहे. या वेळी तर त्यांनी अवश्य वाचावे.

गेल्या मंगळवारी गावाहून पुतण्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. पाऊस, सोयाबीन, माझे गुडघे. मग म्हणाला, "अण्णा, महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. तुमचे अकरा हजार धरलेत बरं का. पाटीवर आजोबांचं नाव घालू."

मी विचारले, "जीर्णोद्धार म्हणजे नेमकं काय काय करणार?"

"सगळंच! सभामंडपात टाइल्स, गाभाऱ्यात ग्रॅनाइट. बाहेरून मशीननं वाळूचा फवारा मारून दगड घासून काढायचा, मग रंग. वर सिमेंटचं नवीन शिखर. साडेअठरा लाखांचा अंदाज आहे. एकदम नवीन वाटेल बघा देऊळ."

मी म्हणालो, "माझी वर्गणी धरू नकोस."

तो हसला. त्याला वाटले, पेन्शनर माणसाची काटकसर. "बरं, पाच धरतो."

"रुपयाही धरू नकोस. आणि माझ्या वडिलांचं नाव त्या पाटीवर घालायचं नाही."

झाले! त्या संध्याकाळपासून आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर जे सुरू आहे ते अजून थांबलेले नाही. "चार पुस्तकं वाचली की माणूस देवाला विसरतो." "शहरात बसून सल्ले देणं सोपं असतं." धाकट्या चुलतभावाने तर लिहिले, "अण्णांना देऊळ पडलेलं बघायचंय." एका सुनेने नुसते हात जोडल्याचे चित्र टाकले. ते मला की महादेवाला, हे काही कळले नाही.

तर मंडळी, हे माझे उत्तर. लांबलचक आहे, पण मास्तरला फळा मोकळा दिला की हे होणारच.

सुरुवात माझ्या स्वतःच्या अपराधापासून करतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला बोलायचा अधिकार नाही.

साल १९८३. मी तेव्हा गावापासून जवळच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. हिवाळ्यात मुलांचे श्रमसंस्कार शिबिर आमच्याच गावी नेले आणि 'देऊळ सुधारणे' हा कार्यक्रम मीच ठरवला. चाळीस मुले, आठ दिवस. तारेच्या ब्रशने आम्ही खांब घासले. काजळी निघाली, शेवाळ निघाले, आणि त्याबरोबर दगडाचे पापुद्रेही निघाले. मग खांबांना निळा ऑइलपेंट, कडांना पांढरा, दाराला चंदेरी. द्वारपालांच्या डोळ्यांत काळी बुबुळे मी स्वतः काढली, कारण चित्रकलेचा तासही माझ्याकडेच असे. शेवटच्या दिवशी गावाने शाल-नारळ दिला. मुलांना जिलेबी मिळाली. मी धन्य झालो.

गाभाऱ्याच्या अलीकडे वर जी आडवी तुळई आहे, तिच्यावर चार ओळी कोरलेल्या होत्या. बाजूला चंद्र-सूर्य. लहानपणी आजी सांगायची, ती देवाची अक्षरे आहेत, तिकडे बोट दाखवायचे नाही. नववीतला एक मुलगा शिडीवर चढला होता. वरून त्याने विचारले, "सर, इथं अक्षरं आहेत. यांच्यावरून पण मारायचा का?"

मी खालूनच म्हणालो, "आधी लांबी भर आणि मग मार. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे."

मी इतिहास शिकवत होतो हो! 'इतिहासाची साधने : भौतिक, लिखित, मौखिक' असे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होतो. लिखित साधन माझ्या डोक्यावर चार हातांवर होते आणि मी त्यात लांबी भरून घेत होतो. त्या मुलाला दिसले ते मला दिसले नाही. म्हणजे दिसले, पण मी पाहिले नाही.

हे कळायला मला सव्वीस वर्षे लागली. २००९ साली निवृत्त झालो आणि कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरला गेलो. कृष्णेकाठी कोपेश्वराचे देऊळ आहे. पुढच्या स्वर्गमंडपात उभे राहून वर पाहिले तर छताच्या मधोमध गोल मोकळे आकाश. पायाखाली तेवढीच गोल शिळा. भोवती खांबांचे कडे, आणि देवळाचा भार जणू पाठीवर घेतलेली हत्तींची रांग बाहेरच्या जोत्यावर. मी तास दीड तास हिंडलो. दाराजवळच्या भिंतीवर देवगिरीच्या सिंघण यादवाचा लेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या सुमाराचा. ती अक्षरे मी बोटाने नव्हे, नजरेनेच गिरवत होतो. वर चंद्र-सूर्य होते. आणि एकदम शिडीवरचा तो मुलगा आठवला. मी तिथेच पायरीवर बसलो. बायकोला वाटले, ऊन लागले.

त्यानंतर मी देवळे पाहायला शिकलो. 'शिकलो' हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण आपण देवळात जातो, दर्शन घेतो, घंटा वाजवतो, तीर्थ घेतो आणि बाहेर येऊन चपला शोधतो. देऊळ पाहत नाही. मी आता आधी बाहेरून एक सावकाश फेरी मारतो. खाली जोते, त्याचे थर. त्याच्यावर जंघा, म्हणजे मूर्तींची भिंत. त्यावर शिखर. मग दार : शाखा किती, ललाटावर कोण, उंबरठ्यावर कीर्तिमुख आहे का. मग आत जाऊन खांब, छत, आणि सगळ्यांत शेवटी देव. देव कुठे पळून जात नाही.

सध्या मी मुलाकडे नाशिकला असतो. सिन्नरचे गोंदेश्वर इथून जवळ. तिथे सात-आठ वेळा तरी गेलो असेन. मधे महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य अशी चार छोटी देवळे. शिखर पाहावे तर छोट्या शिखरांच्या माळा एकावर एक ओवल्यासारख्या. याला भूमिज शैली म्हणतात. अंबरनाथचे शिवमंदिरही याच शैलीतले. तिथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात आणि वरून उजेड खाली पिंडीवर येतो.

आता एक गंमत सांगतो. यांतल्या कुठल्याही देवळात जा, शेजारचा माणूस हमखास सांगतो, "हे हेमाडपंती आहे." नाहीतर, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं." आमच्या गावच्या पत्रिकेतही 'हेमाडपंती जागृत देवस्थान' असे छापले आहे. हेमाद्री पंडित यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांचा प्रधान. महादेव गादीवर आला १२६१ साली. अंबरनाथच्या देवळातला शिलाहारांचा लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. हेमाडपंतांच्या आधी दोनशे वर्षे! चुना न वापरता दगडाला खाच, दगडाला खुंटी करून, केवळ वजनावर एकमेकांत अडकवलेले प्रत्येक बांधकाम आपण एका माणसाच्या नावावर टाकून दिले आहे. मला यात केवळ चुकीचा इतिहास खटकत नाही. नाव मिळाले की आपल्याला पाहायची गरज उरत नाही, हे खटकते. 'हेमाडपंती' म्हटले, विषय संपला, आणा रंग.

आता आमच्या देवळाबद्दल. ते खिद्रापूर नाही, हे मलाही कळते. सोळा खांबांचे, बसके, शिखर केव्हाच पडून गेलेले. कुठल्याही सरकारी यादीत त्याचे नाव नाही. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे देशभरातली साडेतीन हजारांहून अधिक स्मारके संरक्षित आहेत, काही राज्याकडे आहेत. बाकीची हजारो देवळे, वीरगळ, बारवा यांना वाली गावाची कमिटी. म्हणजे आपणच. संरक्षित स्मारकाच्या आसपास शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही असा कायदा आहे, पण आमच्या महादेवाच्या कपाळाला कुणी वाळूचा फवारा लावला तर विचारणारा कोणी नाही.

आणि तरी त्या देवळात काय आहे, हे गटावर भांडणाऱ्यांपैकी कितीजण सांगू शकतील? मी सांगतो. दाराला पाच शाखा आहेत. ललाटावर गणपती आहे, पण चंदेरी रंगाच्या तीन थरांखाली तो आता बटाट्यासारखा दिसतो. उंबरठ्यावर दोन कीर्तिमुखे आहेत. बाहेरच्या भिंतीवर सात स्त्रिया आहेत. एक आरशात पाहते, एक पायातला काटा काढते, एकीचे वस्त्र माकड ओढते. आणि दक्षिणेच्या बाजूला एक पाठमोरी उभी आहे, हातात लेखणी. तिला पत्रलेखा म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. आम्ही पोरे तिला 'मास्तरीण' म्हणत असू. तिची बोटे जोंधळ्याच्या दाण्याएवढी आहेत, आणि पाचही शाबूत आहेत. १९८३ साली आमचा रंग संपला म्हणून बाहेरची भिंत वाचली. माझ्या हातून झालेले एवढेच पुण्य.

वाळूचा फवारा त्या बोटांवर बसला की ती बोटे राहणार नाहीत. जोराच्या हवेने मारलेली वाळू मळ आणि दगड यांत भेद करत नाही. ऊन-पावसाने दगडाचा वरचा थर आधीच हळवा झालेला असतो आणि कारागिराची छिन्नी चालली आहे ती त्याच थरावर. तो गेला की आतून काळाभोर, स्वच्छ, कोरा दगड निघतो. सगळे म्हणतात, किती छान उजळलं!

टाइल्सचे सांगतो. टाइल्स बसवायच्या म्हणजे खाली सिमेंट-वाळूचा थर आला. जमीन चार-पाच बोटे उंच झाली. खांबांची तळखडी बुडाली, मंडपातली मधली गोल रंगशिळा बुडाली, उंबरठा जमिनीच्या पातळीत आला आणि कीर्तिमुखे गाडली गेली. गाभाऱ्यात ग्रॅनाइट टाकले की अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी जुनी वाट बुजते किंवा उलट्या उताराची होते. मग पाणी आत साचते. मग 'देवळात ओल येते' म्हणून पुढची वर्गणी.

सिमेंटचे तेच. आपला काळा दगड सहसा पाणी पीत नाही, पण दगडा-दगडांतले सांधे पाणी घेतात आणि सोडतात. बाहेरून सिमेंट आणि ऑइलपेंट थापून ती वाट बंद केली की आत गेलेले पाणी आतच राहते. सिमेंटमधले क्षार दगडावर पांढरे फुटतात. लोखंडी सळई गंजली की फुगते आणि बाजूचा दगड फोडते. आणि वर नवे सिमेंटचे शिखर? खालचे खांब कसल्याही चुन्याशिवाय केवळ तोलावर उभे आहेत. त्या तोलात ते वजन धरलेले नाही. माझ्या चुलतभावाला विचारायचे आहे की देऊळ पडलेले बघायचेय ते नेमके कोणाला?

आता माझ्या माणसांचे मुद्दे. ते सगळेच पोकळ नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा इंजिनिअर झालेल्या भाच्याचा : "जुन्या काळीही देवळं रंगवलेलीच असायची." बरोबर आहे. वेरूळच्या कैलासाला लोक रंगमहाल म्हणत, आणि तिथे गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही दिसतात. पण तो चुन्याचा पातळ हात होता आणि माती-दगडांपासून केलेले रंग होते. तो थर हवा-पाणी अडवत नव्हता आणि ज्यांनी लावला त्यांना खालची मूर्ती ठळक करायची होती. आपला ऑइलपेंट मूर्ती बुजवतो. आजोबा दुधात हळद घालून प्यायचे म्हणून कोणी दुधात पिवळा रंग ढवळत नाही.

दुसरा मुद्दा : "अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेच ना?" केले, आणि त्या माउलीचे उपकार आहेत. औंढ्या नागनाथला जाऊन बघा. खाली जुने कोरीव दगडी देऊळ, वर नंतरच्या काळातले विटा-चुन्याचे बांधकाम. कुठे जुने संपले आणि कुठे नवे सुरू झाले, हे शेंबडे पोरही दाखवील. नंतरच्यांनी खालचे घासले नाही, बुजवले नाही. पडलेले होते तिथे उभे केले. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याला वर काढणे. जे धडधाकट आहे त्याच्यावर टाइल्स चिकटवणे याला दुसरा शब्द शोधा.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोठा, आणि तो पुतण्याचा : "अण्णा, तिथं रोज दिवा लागतो. ते काय तुमचं म्युझियम आहे?" नाही रे बाबा. म्युझियम व्हावे असे मी कधी म्हटले? दिवा लागलाच पाहिजे. ज्या देवळात दिवा लागत नाही तिथे गुरे बांधली जातात, तेही मी पाहिले आहे. पण घरात आजी जिवंत आहे, रोज जेवते, बोलते म्हणून तिच्या सुरकुत्यांवर आपण लांबी भरतो का? उलट जिवंत आहे म्हणून तिला जपून हात लावतो.

चौथा मुद्दा मात्र थोरल्या वहिनींचा. त्यांनी गटावर काही लिहिले नाही, वेगळा फोन केला. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं शिल्प-बिल्प मला नाही कळत. श्रावणात मी त्या खडबडीत फरशीवर अडखळून पडले, मनगट मोडलं. टाइल्स बसल्या तर आम्ही म्हाताऱ्या नीट आत जाऊ." यावर मी दोन मिनिटे गप्प होतो. वहिनी, तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मी वर्षातून एकदा पाहायला येतो, तुम्ही रोज येता. त्या फरशीवर माझ्यापेक्षा तुमचा हक्क जास्त. पण ओल्या पायांनी चकचकीत टाइलवर काय होते, हे आपल्या दोघांच्याही न्हाणीघरांनी आपल्याला शिकवले आहे. काथ्याचे जाड पट्टे अंथरू, पायरीशी दगडाला भोक न पाडता उभा राहणारा कठडा करू. त्याचा सगळा खर्च माझा. हे लेखी समजा.

मला कोणी म्हणेल की भाविक लोक हे ऐकणार नाहीत. तर पंढरपूरकडे बघा. विठोबाच्या देवळापेक्षा आपल्याला जवळचे देऊळ कुठले? तिथेही वर्षानुवर्षे भक्तीने फरशा, ग्रॅनाइट, चांदीचे पत्रे चढले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात काही आठवडे पदस्पर्शदर्शन थांबवून ते उतरवायचे काम झाले आणि मूळ दगड मोकळा झाला. त्या कामातच फरशीखाली एक तळघर सापडले, त्यात मूर्ती निघाल्या. वारकऱ्यांची भक्ती त्याने कमी झाली का? आषाढीला गर्दी तेवढीच. उलट माझ्या ओळखीचे एक माळकरी म्हणाले, आमच्या संतांनी पाहिला असेल तसा गाभारा आम्हाला दिसला. जे विठोबाला चालते ते आमच्या महादेवाला चालणार नाही?

पंढरपूरचीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती वर्गणीदारांनी मनावर घ्यावी. तिथे देवळात एक शिलालेख आहे, चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९ या काळात, रामदेवराव यादवाच्या राज्यात, विठ्ठलाला कोणी कोणी काय दिले याची ती यादी. म्हणजे वर्गणीची पाटीच म्हणा ना! त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पडली. शेकडो वर्षे माणसे पाठ घासत राहिली आणि अक्षरे झिजत गेली. देणाऱ्यांची नावे भक्तांच्या पाठीने पुसली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आमच्या तुळईवरच्या चार ओळींच्या बाबतीतही नव्हता. चंद्र-सूर्य असतील तोवर हे दान चालावे, असे सांगायला ते वर कोरत. आमच्या देवळाला कोणीतरी काहीतरी दिले होते आणि ते देणाऱ्याचे नाव कदाचित त्या चार ओळींत होते. त्याच्यावर लांबी भरून आता आपण शेजारी ग्रॅनाइटवर आपली नावे कोरणार. म्हणून वडिलांचे नाव नको म्हटले. ते सज्जन मनुष्य होते, दुसऱ्याच्या नावावर बसणारे नव्हते.

बरे, नुसते नाही म्हणून सुटका नाही. मग काय करा?

सप्रावर उगवलेली पिंपळाची रोपटी अजून बोटाएवढी आहेत तोवर काढा, मुळे दगडात शिरली की मग दगड हलतात. छतावरची माती उतरवा, पाणी साचते ते तिच्यामुळे. पावसाचे पाणी जोत्यापासून लांब न्या. जिथे गळते तिथे सिमेंट नको, जुन्या पद्धतीच्या चुन्याने सांधे भरून घ्या, आणि तेही जाणकाराला दाखवून. गाभाऱ्यातून बाहेर जाणारी पाण्याची वाट मोकळी करा. देवळामागे उकिरड्यात पडलेले दोन वीरगळ उचलून ओट्यावर नीट उभे करा. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा : आपल्याच गावासाठी मेलेला माणूस आहे तो. शेंदूर फासून 'म्हसोबा' करू नका. प्रत्येक दगडाचे फोटो काढून ठेवा, आजकाल खिशातल्या फोनवर होते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कमिटीच्या ठरावासह अर्ज करा. आणि माझा जुना ऑइलपेंट खरवडायला मात्र कोणी चाकू घेऊन चढू नका. रसायनांचे लेप देऊन तो सावकाश उतरवणारे जाणकार असतात. त्यांना विचारल्याशिवाय तुळईला हात लावायचा नाही.

या सगळ्याला साडेअठरा लाख लागत नाहीत. आणि या कामाला माझे अकरा नाही, पंचवीस हजार धरा. पाटी नको.

तुमच्यातले अर्धेअधिक लोक गेल्या दिवाळीत बस करून खिद्रापूरला गेले होते. गटावर साठ फोटो आले. "काय ते कोरीव काम!" "डोळ्याचं पारणं फिटलं!" अरे, मग गावी येऊन तेच कोरीव काम टाइल्सखाली का गाडता? तिथले तेवढे शिल्प आणि आपले तेवढे जुनाट दगड, असे का? आपल्या देवळाला तिकीट नाही, पाटी नाही, गाइड नाही म्हणून?

रविवारी सकाळी दहाला देवळात बैठक आहे, असे पुतण्याने कळवले आहे. शनिवारच्या रात्रीच्या गाडीने मी निघतो आहे. मुलगा म्हणतो, या वयात कशाला भांडायला जाता. भांडायला नाही जात. बैठकीच्या आधी, साडेनऊला, ज्यांना यायचे त्यांनी यावे. एक चांगली बॅटरी आणावी. भिंतीला आडवा उजेड टाकला की रंगाखालचे खाचखळगे दिसतात. मागच्या वर्षी मी एकटाच शिडीवर चढलो होतो. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक 'श' असावा असे वाटते. कदाचित 'शके' असेल, कदाचित माझ्या मनाचा खेळ. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. तरुण डोळ्यांची गरज आहे.

शिडीवरचा तो मुलगा आता पंचावन्न-सत्तावन्नचा असेल. तो या भागात नाही. पण त्याचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि रविवारी तो कमिटीपुढे ठेवायचा आहे : इथं अक्षरं आहेत. यांच्यावरून पण मारायचा का?

असो. वहिनी, काथ्याचे पट्टे इथून घेऊन येतो आहे. रुंदी किती लागेल तेवढी शनिवारच्या आत कळवा.